तुळजापूरची यात्रा आणि कुळाचार : घरातल्या तयारीपासून मावंद्यापर्यंत

तुळजापूरला निघण्यापूर्वी घरात एक गोष्ट नीट ठरली पाहिजे : आपल्याला केवळ दर्शन घ्यायचे आहे, की घराण्याचा कुळाचार, म्हणजे कुलदेवतेसाठी घराण्यात चालत आलेले विधीही करायचे आहेत. दर्शन एका दिवसात, गर्दी नसेल तर अर्ध्या दिवसातही होते आणि त्यासाठी स्वतःची जुजबी तयारी पुरते. कुळाचाराला मात्र तिथी, पुजारी, सामग्री, स्वयंपाक आणि बरोबरच्या माणसांची मर्जी या सगळ्यांची मोट बांधावी लागते आणि निदान एक मुक्काम धरावाच लागतो. यात्रेतली बहुतेक ओढाताण हा निर्णय न घेताच गाडीत बसल्यामुळे होते. अभिषेक करायचा म्हणून निघालेले कुटुंब देवी निद्रेत असताना पोहोचते, किंवा नव्या जोडप्याला घेऊन निघालेली मंडळी तुळजापूर, अक्कलकोट आणि पंढरपूर एकाच रविवारात बसवू पाहतात आणि शेवटी तिन्ही ठिकाणी रांगेतच दिवस घालवतात. पुढचे सगळे विवेचन मुख्यतः कुळाचारासाठी जाणाऱ्यांना समोर ठेवून केले आहे. केवळ दर्शनाला जाणाऱ्यांनी त्यातले आपल्यापुरते उचलावे.

घरातल्या मोठ्यांना काय विचारावे

कुळाचार घरागणिक बदलतो आणि तो पुस्तकात सापडत नाही. काही घरांत पुरणाचा नैवेद्य असतो, काही घरांत भाजीभाकरीचा, तर काही घरांत मुक्कामाच्या जागी सामिष नैवेद्य करण्याची रीत असते. काही घराण्यांत लग्नानंतर जोडप्याने तुळजापूरला जाऊन गोंधळ घालायचा असतो, काहींत गोंधळ घरीच होतो आणि तुळजापूरला केवळ ओटी भरली जाते. कोणाकडे पहिल्या मुलाचे जावळ देवीच्या दारी काढतात. कोणाकडे परडी, म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागण्याची टोपली असते आणि ती देवीला भेटवून परत आणावी लागते. म्हणून आजी, आत्या, चुलते यांपैकी ज्यांना जुन्या यात्रा आठवतात त्यांच्याजवळ शांतपणे बसून नैवेद्य कोणता, ओटीबरोबर साडीचोळी असते का, सवाष्ण आणि कुमारिका जेवू घालतात का, गोंधळ कोठे होतो, आपले पूर्वापार पुजारी कोणते आणि बरोबर देव्हाऱ्यातले टाक (देवांच्या धातूच्या छोट्या प्रतिमा) न्यायचे असतात का, हे विचारून लिहून ठेवावे. दोन वडीलधाऱ्यांनी दोन वेगळ्या रीती सांगितल्या तर गोंधळून जाऊ नये. माहेरची रीत सासरच्या रीतीत मिसळून सांगितली जाणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि कुळाचार हा ज्या घराचा आहे त्या घरची रीत धरावी.

ज्यांना आपली कुलदेवता कोणती हेच ठाऊक नसते, त्यांनी प्रसिद्धीमुळे तुळजाभवानीच असणार असे गृहीत धरू नये. महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. त्याशिवाय यमाई, योगेश्वरी, येडेश्वरी अशा देवता अनेक घराण्यांच्या कुलस्वामिनी आहेत. मूळ गाव, आडनाव, गोत्र आणि देवक सांगून भाऊबंदकीतल्या दुसऱ्या शाखेकडे चौकशी केली तर बहुधा उलगडा होतो. घरच्या देव्हाऱ्यातील जुने टाकही बरेच काही सांगून जातात.

तिथी : देवीचे वेळापत्रक आधी, आपली रजा नंतर

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावर कायमची जखडलेली नाही, आणि वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निद्रेसाठी ठेवली जाते. ही या क्षेत्राची सर्वांत वेगळी गोष्ट आहे आणि यात्रेची आखणी तिच्याभोवतीच करावी लागते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून आश्विन शुद्ध प्रतिपदेपर्यंत देवीची घोर निद्रा असते आणि घटस्थापनेच्या दिवशी पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते. विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरी पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा असते. महिषासुराशी झालेल्या युद्धानंतरचा हा विसावा होय. तिसरी मोह निद्रा पौष शुद्ध प्रतिपदेपासून अष्टमीपर्यंत असून ती संपल्यावर शाकंभरी नवरात्र सुरू होते. या काळात पलंगावरच्या देवीचे दर्शन होते, परंतु सिंहासनावरच्या मूर्तीला होणारे अभिषेक होत नाहीत. निद्रेतल्या देवीचे दर्शन मुद्दाम घेणारेही पुष्कळ भाविक आहेत आणि त्यात गैर काही नाही. फक्त अभिषेकाचा संकल्प असेल तर हे दिवस टाळावेत, आणि इंग्रजी तारखा दरवर्षी सरकत असल्याने त्या वर्षीचे पंचांग उघडूनच दिवस ठरवावा.

गर्दीचा विचार दुसरा. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि प्रत्येक पौर्णिमा हे तुळजापूरचे गर्दीचे दिवस आहेत. शारदीय नवरात्रात गावोगावची मंडळे भवानी ज्योत पेटवून ती पळत आपापल्या गावी नेतात, त्यामुळे रस्ते रात्रंदिवस वाहते असतात. कोजागरीला सोलापूर जिल्ह्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातून, तेलंगणातून पायी येणाऱ्यांची एवढी दाटी होते की सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर वाहतूक वळवावी लागते. चैत्री पौर्णिमेलाही तशीच गर्दी असते. नवरात्रात देवीच्या रथ अलंकार, मुरली अलंकार, शेषशायी, भवानी तलवार आणि महिषासुरमर्दिनी अशा अलंकार महापूजा बांधल्या जातात. त्या पाहण्यासारख्या आहेत, यात शंका नाही. परंतु लहान मूल, गरोदर स्त्री किंवा गुडघ्याचे दुखणे असलेली आई बरोबर असेल, तर नवरात्रात कुळाचाराचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्गशीर्षातला किंवा माघातला एखादा बुधवार, गुरुवार अथवा शनिवार निवडल्यास हवा चांगली असते, पुजाऱ्यांना बोलायला वेळ असतो आणि देवीसमोर चार क्षण अधिक मिळतात. चैत्र–वैशाखात लग्नानंतरच्या जोडप्यांची रीघ असते आणि धाराशिव जिल्ह्याचे ऊन चाळिशी ओलांडते, हेही ध्यानात ठेवावे.

विजयादशमीच्या पहाटेचे सीमोल्लंघन मात्र अपवाद समजावे. ज्यांना रात्र उभ्याने काढण्याची ताकद आहे त्यांनी ते आयुष्यात एकदा तरी पाहावे. अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून देवीची पालखी येते आणि पलंग पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून मजल दरमजल करीत येतो. मूर्तीला १०८ साड्यांचे दिंड गुंडाळून ती पालखीत ठेवली जाते, मंदिराभोवती प्रदक्षिणा होते, कुंकवाची उधळण होते आणि मग देवी पलंगावर विसावते. आदल्या वर्षीचा पलंग आणि पालखी होमात अर्पण केली जाते. पालखी–पलंगाचा हा मान तेली समाजातल्या घराण्यांकडे आहे. देवीच्या सेवेत कोणत्या गावाचे, कोणत्या समाजाचे काय काम हे ठरलेले असून ते शतकानुशतके चालत आले आहे, हे त्या पहाटे डोळ्यांनी दिसते.

पुजारी कसे ठरवावेत

मंदिराचा कारभार श्री तुळजाभवानी मंदिर संस्थानाकडे आहे आणि जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. देवीची प्रत्यक्ष पूजा वंशपरंपरेने भोपे पुजाऱ्यांकडे आहे. त्यांच्या पूजेच्या पाळ्या ठरलेल्या असतात. याशिवाय यजमानांचे धार्मिक विधी सांगणारे उपाध्ये आणि मंदिराच्या परंपरेत मान असलेले महंतांचे मठ आहेत. बहुतेक घराण्यांचे पुजारी पिढीजात ठरलेले असतात. जुन्या पुजाऱ्यांच्या घरी यजमानांच्या वह्या असतात आणि तेथे मूळ गाव व आडनाव सांगितल्यावर आजोबा–पणजोबांची नावे निघाल्याचा अनुभव अनेकांनी घेतलेला आहे. घरात जुनी पावती, पत्र किंवा दूरध्वनी क्रमांक सापडला तर तो धागा धरावा. काहीच न सापडल्यास त्याच गावच्या दुसऱ्या कुटुंबाला विचारावे, कारण पुष्कळदा संपूर्ण गावाचे पुजारी एकच असतात.

पुजाऱ्यांशी निदान आठ–दहा दिवस आधी बोलावे आणि त्या एका बोलण्यात पाच गोष्टी उरकून घ्याव्यात : किती माणसे येणार, कोणते विधी करायचे, साहित्य कोणी आणायचे, मुक्काम व स्वयंपाक त्यांच्याकडे होईल का, आणि सगळे मिळून दक्षिणा व खर्च किती. शेवटचा प्रश्न विचारताना आपल्याकडे उगाच संकोच होतो. देवाच्या कामात पैशांचे काय बोलायचे, असे म्हणून गप्प राहणारे यजमानच परतीच्या वाटेवर कुरकूर करताना आढळतात. आधी ठरलेला आकडा दोन्ही बाजूंच्या सन्मानाचा असतो. बसस्थानकावर किंवा वाहनतळावर अंगाशी येऊन ‘लगेच दर्शन करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी व्यक्तीच्या मागे जाऊ नये. संस्थानाच्या सशुल्क दर्शनाची, अभिषेकाची किंवा देणगीची रक्कम अधिकृत खिडकीवर अथवा संस्थानाच्या संकेतस्थळावरच भरावी आणि पावती जपून ठेवावी. शुल्क आणि वेळा बदलत असतात, तेव्हा मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये.

पोहोचणे आणि मुक्काम

तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. सोलापूर सुमारे ४५ किलोमीटरवर आणि धाराशिव सुमारे २२ किलोमीटरवर आहे. मुंबई–पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांना सोलापूर स्थानक सर्वांत सोयीचे पडते, कारण गाड्या पुष्कळ आहेत आणि तेथून तुळजापूरची एसटी दिवसभर मिळते. लातूर किंवा मिरजेकडून येणाऱ्यांना धाराशिव स्थानकही चालते. हैदराबादकडून मोटारीने येणारे नळदुर्गवरून तुळजापूरला वळतात. एसटीचे स्थानक मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मोटारी मात्र मंदिराजवळ नेता येत नाहीत, आणि नवरात्रात तर त्या गावाबाहेरच्या वाहनतळावर ठेवून पायी यावे लागते.

मुक्कामासाठी संस्थानाचे भक्तनिवास, धर्मशाळा, लॉज आणि पुजाऱ्यांची घरे असे पर्याय आहेत. कुळाचार असेल तर पुजाऱ्यांच्या घरचा मुक्काम मला उजवा वाटतो, कारण नैवेद्याचा स्वयंपाक, सोवळ्यातले पाणी, सवाष्णीला बोलावणे या गोष्टी लॉजच्या खोलीतून जमत नाहीत. तेथे शहरी सोयी नसतील, गादी पातळ असेल. एक रात्र चालते. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचावे, रात्री हलके जेवावे आणि दुसऱ्या दिवशीची सामग्री झोपण्यापूर्वीच पिशव्यांत वेगवेगळी करून ठेवावी.

सामग्री

ओटीचे सगळे साहित्य तुळजापुरात मिळते. तरी साडी किंवा लुगडे आणि खण घरूनच नेणे चांगले, कारण ते मनासारखे निवडता येतात. ओटीला खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, विड्याची पाने, हिरव्या बांगड्या, हळद–कुंकू, गजरा आणि वर दक्षिणा एवढे लागते. काही घरांत तांदळाऐवजी गव्हाने ओटी भरतात. तेही आधीच विचारून ठेवावे. अभिषेकासाठी दूध, दही, तूप, मध, साखर आणि केळी लागतात. दूध–दही मात्र तिथे पोहोचल्यावर ताजेच घ्यावे, कारण प्रवासात उन्हाने दही आंबून जाते. परडी असेल तर ती स्वच्छ पुसून, तिच्या कवड्या घट्ट आहेत ना ते पाहून न्यावी. पीठ, मीठ, तांदूळ आणि तेल घालून परडी भरण्याची पद्धत आहे. कवड्यांची माळ घ्यायची असल्यास महाद्वाराच्या रस्त्यावर दुकानेच दुकाने आहेत. तिथे भाव सांगतात तसा देऊ नये, आणि माळ उन्हात धरून कवड्या खऱ्या आहेत की प्लास्टिकच्या, एवढे पाहून घ्यावे.

कपडे सुती आणि अंगभर असावेत. पुरुषांनी अभिषेकासाठी सोवळे किंवा धोतर बरोबर घ्यावे. दागिने कमीत कमी घालावेत, कारण गर्दीत गळ्यातले आणि पाकीट सांभाळण्यात निम्मे लक्ष जाते. लहान मुलांच्या खिशात मोठ्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि सगळ्यांनी चुकामूक झाल्यास भेटण्याची एक जागा आधीच ठरवावी. महाद्वार ही खूण सोपी आहे, पण गर्दीत तिथेच सर्वांत जास्त रेटारेटी असते, त्यामुळे एखादे ठरावीक दुकान अथवा पुजाऱ्यांचे घर बरे.

मंदिरात : उतरत जाण्याचा क्रम

हे मंदिर डोंगराच्या उताराला असल्याने रस्त्याकडून येताना चढ नसून उतार आहे. राजे शहाजी आणि राजमाता जिजाऊ यांच्या नावांची महाद्वारे रस्त्याच्या बाजूला आहेत. तेथून आत शिरल्यावर दगडी पायऱ्या खाली जातात. जाताना हे बरे वाटते, परंतु दर्शनानंतर थकलेल्या पायांनी सगळ्या पायऱ्या वर चढाव्या लागतात, हे ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. चाकाच्या खुर्चीची किंवा ज्येष्ठांसाठीच्या वेगळ्या वाटेची सोय त्या दिवशी आहे का, हे रांगेत शिरण्यापूर्वी संस्थानाच्या कर्मचाऱ्यांना विचारावे. रांगेच्या मध्यावर पोहोचल्यावर मागे फिरणे कठीण होते.

पायऱ्या उतरताना कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते. कल्लोळ म्हणजे पायऱ्यांचे दगडी कुंड. देवीच्या स्थानी सर्व तीर्थे एकदमच धावून आली आणि त्यांच्या एकत्र येण्याने कल्लोळ झाला, अशी त्याची कथा आहे. गोमुखातून दगडी गायीच्या मुखातून पाण्याची धार पडते. जुने भाविक या तीर्थांत स्नान करून ओल्या वस्त्रांनी देवीपुढे जात. आता बहुतेक जण हातपाय धुऊन डोक्याला पाणी लावतात, आणि तेवढेही पुरेसे आहे. मंदिरात व परिसरात जीर्णोद्धाराची कामे निघतात तेव्हा ही कुंडे काही काळ बंद राहतात आणि रांगेचा मार्गही बदलतो, म्हणून जुन्या वाटेचा आग्रह धरू नये. पुढे सिद्धिविनायकाला नमस्कार करून सरदार निंबाळकर दरवाजातून मुख्य आवारात यावे. समोर होमकुंड दिसते, आणि त्यापलीकडे हेमाडपंती बांधणीचे मंदिर.

दर्शनाच्या रांगा साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. धर्मदर्शनाची रांग विनामूल्य असून तीच सर्वांत लांब असते. मुखदर्शनाची रांग दुरून देवीचे मुख पाहून लवकर बाहेर पडते. आणि सशुल्क दर्शनाची रांग वेगळ्या पासावर चालते. घाई असलेल्यांनी मुखदर्शन कमी प्रतीचे मानू नये. लहान मूल कडेवर असताना धर्मदर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहण्यापेक्षा मुखदर्शन घेऊन आवारात निवांत बसणे केव्हाही चांगले. रांगेत ‘आई राजा उदो उदो’ आणि ‘सदानंदीचा उदो उदो’ असा गजर चालू असतो. लाजू नये, आपणही आवाज मिसळावा. भ्रमणध्वनी बंद करून खिशात ठेवावा आणि गाभाऱ्यात छायाचित्र घेण्याचा प्रयत्नही करू नये.

गाभाऱ्यासमोर उभे राहण्यास फार थोडा वेळ मिळतो, त्यामुळे काय पाहायचे हे आधीच ठाऊक असावे. मूर्ती गंडकी शिळेची, काळीभोर, सुमारे तीन फूट उंचीची आणि अष्टभुजा आहे. देवीचा उजवा पाय महिषासुरावर असून एका हाताने तिने त्याची शेंडी धरली आहे आणि त्रिशूळ त्याच्या अंगात खुपसला आहे. इतर हातांत बिचवा, बाण, चक्र, शंख, धनुष्य आणि पानपात्र आहे. मस्तकाच्या दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र, जवळ देवीचे वाहन सिंह, आणि बाजूला पुराण सांगणारे मार्कंडेय ऋषी व तप करणारी अनुभूती दिसते. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिच्या तपात कुकुर दैत्याने विघ्न आणले तेव्हा तिच्या हाकेला देवी धावून आली, ही या क्षेत्राची मूळ कथा आहे. अर्थात बहुतेक वेळा हे सगळे वस्त्रालंकारांनी झाकलेले असते आणि आपल्याला दिसतो तो मळवट भरलेला मुखवट्यासारखा तेजस्वी चेहराच. मूळ मूर्ती नीट पाहायची असेल तर अभिषेकाच्या वेळीच उभे राहावे.

दर्शन घेऊन बाहेर आल्यावर लगेच वर चढू लागू नये. प्रदक्षिणेच्या वाटेवर चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवले असता तो उजवीकडे वळला तर कार्य होणार, डावीकडे वळला तर होणार नाही आणि स्थिर राहिला तर विलंब आहे, असे मानतात. छत्रपती शिवाजी महाराज मोहिमेपूर्वी येथे कौल घेत असत, अशी लोकश्रद्धा आहे. भोसले घराण्याची ही कुलस्वामिनी असल्याने अशा कथा येथे पावलोपावली ऐकू येतात. महाराजांनी १६६१ साली प्रतापगडावर भवानीचे मंदिर उभारून तेथे तिची स्थापना केली, हे मात्र इतिहासाला ठाऊक आहे, आणि साताऱ्याकडच्या ज्यांना तुळजापूर गाठणे जमत नाही ते तिथे ओटी भरतात.

अभिषेक, ओटी आणि सिंहासन पूजा

देवीचा दिवस पहाटे नगारा वाजून चरणतीर्थाने सुरू होतो. गर्दीच्या दिवशी मंदिर मध्यरात्रीनंतर लवकरच उघडते. सकाळी आणि संध्याकाळी अभिषेक पूजा होतात, त्यानंतर वस्त्रालंकार, धूपारती व अंगारा, आणि रात्री प्रक्षाळ पूजेने दिवस मिटतो. अभिषेक करायचा असेल तर सकाळच्या पूजेसाठी नाव लावावे आणि पुजारी सांगतील त्याच्या अर्धा तास आधीच ठरल्या जागी थांबावे. संकल्पात नाव, गोत्र आणि अभिषेकाचे निमित्त सांगावे लागते. गोत्र ठाऊक नसल्यास पुजारी काश्यप गोत्र घेतात, त्यासाठी अडून बसू नये. गर्दीच्या दिवशी अनेक कुटुंबांचे अभिषेक एकापाठोपाठ एक होतात, तेव्हा आपल्या वाट्याला फार वेळ येत नाही. ज्यांना सावकाश पूजा हवी त्यांनी म्हणूनच आडवार निवडावा.

सिंहासन पूजा ही वेगळी आणि मोठी पूजा आहे. तिच्यात देवीचे सिंहासन दह्याने, श्रीखंडाने किंवा उन्हाळ्यात आमरसाने भरतात. दिवसाला ठरावीक पूजाच होत असल्याने तिची नोंदणी फार आधी करावी लागते, खर्चही बराच येतो. नवस बोलताना तोंडातून सहज ‘सिंहासन पूजा करीन’ निघून जाते आणि मग वर्षानुवर्षे तो नवस अंगावर राहतो. बोलण्याआधी पुजाऱ्यांकडून खर्चाचा अंदाज घ्यावा.

ओटी घरातल्या सुनेने किंवा लेकीने भरावी. नवे जोडपे असेल तर दोघांनी मिळून नमस्कार करावा. देवीच्या ओटीतला प्रसाद म्हणून मिळालेला नारळ आणि तांदूळ पदरात बांधून घ्यावेत, ते घरी लागणार आहेत.

गोंधळ, परडी आणि नैवेद्य

गोंधळ्यांत रेणुराई आणि कदमराई असे दोन प्रकार असून कदमराई गोंधळी तुळजाभवानीचे उपासक मानले जातात. संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी एवढ्यावर रात्र जागवण्याची त्यांची ताकद आहे. पूर्ण रात्रीचा गोंधळ घरच्या अंगणात शोभतो. तुळजापुरात बहुतेक कुटुंबे पुजाऱ्यांच्या घरी किंवा आवारात तासा–दोन तासांचा गोंधळ घालतात. चौक मांडून, घट बसवून, गणापासून सुरुवात करून सगळ्या देवांना आवाहन केले जाते आणि मग कथा येते. गोंधळ्यांना आधी सांगून ठेवावे की आवाहनात आपल्या गावच्या देवांची नावे घ्यावीत. गोंधळी ती आनंदाने घेतात, आणि आजीच्या चेहऱ्यावर त्याचे जे समाधान उमटते त्यासाठीच यात्रा केल्यासारखे वाटते.

आवारात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधिणी हातात परडी घेऊन जोगवा मागताना दिसतील. मंगळवारी आणि शुक्रवारी जोगवा मागण्याची ही जुनी उपासना आहे, ती भीक नव्हे. पीठ, तांदूळ किंवा यथाशक्ती नाणे परडीत टाकावे आणि नमस्कार करावा. परडीत जोगवा घालण्याऐवजी कॅमेरा रोखणारी मंडळी हल्ली वाढली आहेत, त्यांत आपली भर घालू नये.

नैवेद्य पुजाऱ्यांच्या घरी शिजत असेल तर बायकांनी सगळे स्वतःच करण्याचा अट्टहास टाळावा. पुरण आणि कटाची आमटी त्यांच्याकडून करून घ्यावी, पोळ्या हव्या तर आपण लाटाव्यात. नैवेद्य दाखवून आल्यावर सवाष्ण आणि कुमारिकेला आधी वाढावे, मग घरच्यांनी बसावे. हे सगळे दुपारी दोनपर्यंत आटोपेल अशा बेताने स्वयंपाकाला सकाळीच सांगावे.

परतण्यापूर्वी आणि घरी आल्यावर

संध्याकाळी वेळ उरला तर घाटशीळ पाहावी. सीतेच्या शोधात निघालेल्या रामाला देवीने येथे मार्ग दाखवला, म्हणून तिला रामवरदायिनी म्हणतात. पापनाश तीर्थ गावातच आहे. पौषातल्या शाकंभरी नवरात्रात तेथून सवाष्णी डोक्यावर कलश घेऊन जलयात्रा काढतात. भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला येते, अशी कथा आहे आणि तो मठ शांत असल्याने थकलेल्यांना विसाव्याला बरा. दिवाळीच्या अमावास्येला गावात असाल तर काळभैरवाच्या स्थानाहून निघणारी भेंडोळी, म्हणजे पेटत्या पलित्यांची मिरवणूक पाहायला मिळेल. पेटत्या भेंडोळीच्या वाटेतून मात्र लांब राहावे. दुसरा दिवस मोकळा असेल तर पाणीमहालाचा नळदुर्ग किल्ला जवळ आहे. अक्कलकोट आणि पंढरपूर वेगळ्या फेरीसाठी राखून ठेवावे.

घरी आल्यावर यात्रा संपत नाही, मावंदे, म्हणजे यात्रेच्या सांगतेचे घरचे जेवण राहिलेले असते. पुढच्या मंगळवारी, शुक्रवारी किंवा पौर्णिमेला आणलेला अंगारा, कुंकू आणि ओटीचे तांदूळ देव्हाऱ्यात ठेवावेत, पुरणाचा स्वयंपाक करावा, सवाष्ण आणि ब्राह्मण अथवा घरच्या रीतीप्रमाणे पाच पाहुणे जेवू घालावेत आणि शेजारीपाजारी प्रसाद वाटावा. ओटीतले तांदूळ घरच्या तांदळाच्या डब्यात मिसळतात किंवा त्यांचा भात नैवेद्यात करतात. प्रसादाचा नारळ फोडून त्याचे खोबरे पुरणाच्या सारणात जाते, अशीही काही घरांची पद्धत आहे. नव्या सुनेची ओटी त्या दिवशी घरातल्या थोरल्या बाईने भरावी.

त्याच दिवशी, सगळे जमलेले असताना, एका वहीत पुजाऱ्यांचे नाव व क्रमांक, केलेले विधी, आलेला खर्च, नैवेद्य कोणता होता आणि कोणत्या तिथीला गेलो होतो एवढे लिहून ठेवावे. ती वही देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवावी आणि ती कोठे आहे हे धाकट्या सुनेला सांगावे.